इंटरप्टला 'व्यत्यय' म्हणावे का?

गोदाकाठ
अंबडच्या कारखान्यांतून पाळी संपवून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी सिरियल पोर्टवर (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) मराठीत टिपणं लिहिते आहे. इंटरप्टसाठी, म्हणजे चिप प्रोसेसरला 'इकडे बघ' असा जो इशारा देते त्यासाठी, 'व्यत्यय' वापरला, तर एकाने विचारलं, "मॅडम, मग तो येऊ नये म्हणून काय करायचं?" दुसरा शब्द सुचवा. आणि क्रियापद कोणतं? इंटरप्ट येतो, लागतो, की देतात?

जुना मेंटेनन्सवाला
इंटरप्ट 'येतो', आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टच्या तारेचा क्रमांक, 'लागतो'. सातपूरला सीएनसी मशीनवर आरएस-२३२ या सिरियल केबलने प्रोग्राम चढवायचो तेव्हाची भाषा हीच: कॉम १ ला, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टला, ४ लागतो, कॉम २ ला ३. कॉम ३ लाही ४ च, म्हणून कॉम १ वर माउस आणि कॉम ३ वर मोडेम असला की दोघांचं जुंपायचं. व्यत्यय वगैरे कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

शब्दवेडा
संस्कृतात व्यत्यय म्हणजे उलटापालट. पाणिनीचं 'व्यत्ययो बहुलम्' सूत्र त्याच अर्थाचं. मराठीत मात्र चाललेल्या कामात नको ते येणं असाच अर्थ रुळलाय. दूरदर्शनच्या पडद्यावरची ती पाटी आठवा. तुमचा विद्यार्थी मराठी चोख जाणतो! 'अडथळा' आणि 'खंड' त्याहून वाईट. चिप प्रोसेसरचं लक्ष वेधते ना? मग 'हाक' घ्या. चिप हाक मारते, प्रोसेसर ओ देतो.

फर्मवेअरवाला
'हाक' आवडली, पण दोन ठिकाणी अडते.

पहिलं, या हाकेत कारण नसतं. आयबीएम पीसीत १९८१ साली आलेली सिरियल पोर्टची ८२५० चिप घ्या. इंटरप्टची कारणं चार, अग्रक्रमाने सांगायची तर: ओव्हररन किंवा पॅरिटी यांसारखी बाइट घेतानाची चूक, बाइट आला, पाठवायची जागा रिकामी झाली, मोडेमच्या तारांत बदल झाला. चौघांना मिळून तार एकच. कोणतं कारण, हे सॉफ्टवेअरने इंटरप्ट आयडेंटिफिकेशन रजिस्टर (चिपमधली नोंदीची जागा) वाचून शोधायचं. त्यातला सर्वांत खालचा बिट ० असेल तर इंटरप्ट शिल्लक, १ असेल तर काही नाही. (शब्दवेडा, तुमचा संस्कृत व्यत्यय इथे चपखल बसतो.)

दुसरं, नुसती ओ देऊन भागत नाही. आलेला बाइट उचलला तरच ते कारण मिटतं. चूक असेल तर लाइन स्टेटस रजिस्टर वाचावं लागतं. जुन्या पीसीचा इंटरप्ट कंट्रोलर तार खालून वर गेली तेवढंच टिपायचा. एक कारण मिटवून परतलात आणि दुसरं शिल्लक असलं, तर तार वरच राहते, नवा चढ येत नाही आणि पोर्ट मुका होतो. म्हणून तो बिट १ होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचं. मुलांना शब्दापेक्षा हे समजणं महत्त्वाचं.

जुना मेंटेनन्सवाला
अगदी! केबल बदला, मशीन बंद-चालू करा, सगळं करून झालं की मग कोणीतरी ड्रायव्हरकडे बघायचं.

गोदाकाठ
आणि उशीर झाला तर?

फर्मवेअरवाला
९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट आणि दर बाइटला आगेमागचे धरून १० बिट, सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे दर बाइटला साधारण एक मिलिसेकंद. ११५२०० ला जेमतेम ८७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात आधीचा उचलला नाही की नवा त्यावर चढतो, तोच ओव्हररन. पुढच्या १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटांचा फिफो, म्हणजे बाइट रांगेत ठेवायची जागा, आला. १, ४, ८ किंवा १४ बाइट जमल्यावर इंटरप्ट द्यायला सांगता येतं. तेवढे जमलेच नाहीत, तर चार अक्षरांएवढा वेळ वाट पाहून तरीही देतो.

शब्दवेडा
'चिप इंटरप्ट देते, प्रोसेसरला तो येतो'. बघा, क्रियापदं तुम्हीच ठरवून टाकलीत.

गोदाकाठ
ठरलं. मथळ्यात इंटरप्ट, पहिल्या परिच्छेदात एकदा हाक, व्यत्यय बाद. आता पोलिंगचं काय? वर्गात एकाने लगेच 'मतदान' सुचवलंय.

जुना मेंटेनन्सवाला
'बाइट आला का, आला का असं विचारत बसणं' लिहा. लांब आहे, पण कोणी बूथवर जाणार नाही.