जिनिंगचे १४ कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचेत. टॅली, टोकन, भुईकाट्याचं काय?

चोपडा_जिनिंग
राम राम मंडळी. ऑफिसात १४ कॉम्प्युटर, सगळे चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी ही मशिनं पात्र नाहीत. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकायचं ठरतंय. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं, पेनड्राइव्हसारखं), भुईकाटा (गाडीसकट वजन करणारा, कॉम्प्युटरला जोडलेला) आणि सुरेख या जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं, एवढ्यावर अडलंय.

भुसावळ_नेटवर्क
भाऊ, आधी फक्त ब्राउझर आणि पत्रव्यवहाराची तीन-चार मशिनं हलवा.

टॅली विंडोजचीच आहे. लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या ‘वाइन’वर ती चालवून हिशोबाचा डेटा धोक्यात घालू नका. एक विंडोज ११ प्रो मशिन घ्या, बाकीच्यांनी मिंटमधल्या रेमिना या सॉफ्टवेअरमधून तिथे रिमोटने, म्हणजे आपल्या जागेवरूनच, जायचं. गणित चुकतं ते इथे: प्रो एका वेळी एकालाच आत घेतं, दुसरा आला की पहिला बाहेर. तिघांना एकदम नोंदी करायच्या तर विंडोज सर्व्हर, प्रत्येकाचं रिमोट डेस्कटॉप लायसन्स आणि टॅली गोल्ड (अनेकांनी एकदम वापरायचं लायसन्स) लागतं. हा खर्च आधी कागदावर मांडा, नाहीतर निम्म्यात काम थांबतं.

टोकन त्या विंडोज मशिनला लावून रिमोटने सही करायला गेलात तर ते दिसणारच नाही. रिमोट सेशनमध्ये विंडोज त्या दूरच्या मशिनला लावलेलं नाही, तुम्ही बसलात त्या मशिनचं स्मार्टकार्ड (म्हणजे हे टोकन) शोधतं. सहीसाठी त्या विंडोज मशिनच्याच खुर्चीवर जाऊन बसा.

भुईकाट्याला कापसाच्या हंगामात हातच लावू नका. ते मशिन आहे तसं ठेवा, फक्त इंटरनेट काढा आणि पावत्यांचा रोज पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या.

धुळे_डीटीपी
सुरेखच्या फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही मशिनवर वाचता येणारी मराठी) करा, पण रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. तुमच्या पत्रांत ‘शेतकऱ्यांना’ ओळीओळीला असणार, त्यातला ‘ऱ्या’ हमखास तुटतो. करारनाम्यांची पीडीएफ मात्र विंडोज असतानाच काढून ठेवा.

प्रिंटरही बघा. एचपी १०२० यादीत दिसतो, पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचा प्लगइन टाकल्याशिवाय कागद बाहेर येत नाही, कारण प्रिंटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) तो चालू केला की दरवेळी कॉम्प्युटरकडून चढतं.

चोपडा_जिनिंग
प्रिंटर १०२० च आहे. हंगामानंतर काट्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर नवं लिहून घेतलं तर वजन येईल का?

भुसावळ_नेटवर्क
येईल. इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारा डबा) आरएस-२३२ या सिरियल केबलवरून साधा मजकूर पाठवत असेल तर अडचण नाही. बॉडरेट (डेटा पाठवायचा वेग) इंडिकेटरचा असेल तोच ठेवा आणि युजरला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांचा गट) टाकून एकदा लॉगआउट करा. ते राहिलं तर पोर्ट दिसतो, पण उघडत नाही.