स्पीकरमधून येणाऱ्या 'हम'ला (इंग्रजी hum) मराठीत काय म्हणायचं? घुमणं की गुणगुणणं?

कानोसा
होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचं मराठी करतेय आणि 'अडचणी व उपाय' या तक्त्यात गाडी अडलीय. मूळ मजकुरात हम, बझ आणि बूम अशा तीन तक्रारी तीन वेगळ्या ओळींत आहेत. पहिल्या ओळीत, खालच्या सुरांच्या स्पीकरबद्दल, मी लिहिलं, 'सबवूफरमधून घुमणारा आवाज येतो.' तपासनिसांनी ते खोडून शेरा मारला, 'घुमते ती खोली, वायर नव्हे.' आमच्या घरी तर फ्रिजसुद्धा घुमायचा! 'हम' तसंच ठेवलं तर 'स्पीकरमधून हम येतो' हे अर्धं हिंदी वाटतं. तुमच्याकडे काय म्हणतात?

सोल्डरगन
तपासनीस बरोबर आहेत. शब्द चुकला की माणूस भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसतो.

हम म्हणजे विजेचा आवाज. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर ५० आणि त्याच्या पटीतले १००, १५०. साठवाल्या देशांत ६०, १२०. सिनेमा थांबवला, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हा चालूच. बहुतेक वेळा कारण ग्राउंड लूप. दोन उपकरणं दोन ठिकाणी अर्थ झालेली असतात आणि मधल्या सिग्नलच्या वायरीच्या शील्डमधून नको तो करंट फिरतो. टीव्हीला बाहेरून येणारी कोॲक्स वायर आधी काढून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला. त्या वायरीवर आयसोलेटर, म्हणजे हा नको तो करंट तोडणारा जोड, लावा. नाही थांबला तर सब (म्हणजे सबवूफर) आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका असं सांगणारे शहाणे भेटतात, त्यांचं ऐकू नका. हम जातो, पण शॉक बसायची सोय होते.

बूम ही खोलीची करामत. ठरावीक खालचा सूर आला की आवाज फुगतो, एरवी चूप. सोफ्यावर बसलं तर छातीवर येतो, चार पावलं सरकलं की गायब. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४ हर्ट्झच्या आसपास हमखास फुगणार, कारण त्या सुराची अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमकी मावते. तिथे वायरी बदलून काडीचा फरक पडत नाही. सब कोपऱ्यातून हलवावा लागतो, नाहीतर बसायची जागा.

म्हणून बूमला 'घुमतो' आणि हमला दुसरं काहीही.

निरुक्त
'घुमणे' बूमलाच हवं, त्यात वादच नाही. घुमटात आवाज घुमतो. शब्दातच अर्थ आहे. हमसाठी 'गुंजारव' हा सुंदर शब्द आपल्याकडे असताना शोधाशोध कशाला? आणि ग्राउंड लूपला 'भूवलय' म्हणा.

पावणेदोन
'भूवलय' वाचून माणूस वायर काढेल की घराबाहेर मैदानात पळेल?

सोल्डरगन
😄 मी तरी पळेन.

आगंतुक
निरुक्त, 'घुमट' फारसी 'गुंबद'वरून आलाय. 'घुमणे'शी त्याचं नातं तुम्ही आत्ता जुळवलंत. शिवाय पारवा घुमतो, तो काय घुमटात बसूनच घुमतो का? झाडावर बसूनही घुमतो. एकसुरी, खालच्या पट्टीतला, न संपणारा आवाज म्हणजे घुमणं. या न्यायाने कानोसाताईंचा फ्रिजही बरोबर आणि वायरही बरोबर. अंगात आलेला माणूस घुमतो तेव्हा कुठली खोली लागते?

निरुक्त
पारव्याचं मान्य. पण बोलीत दोन अर्थ नांदतात म्हणून तांत्रिक मजकुरात ते नांदू द्यायचे का? परिभाषा म्हणजेच एका शब्दाला एक अर्थ.

आगंतुक
मग परिभाषाकारांनी आधी आपापसांत ठरवावं. फ्रीक्वेन्सीला विश्वकोशात 'कंप्रता', शाळेच्या पुस्तकात 'वारंवारता'. रिपेअरवाला म्हणतो फ्रीक्वेन्सी, आणि त्याचं सगळ्यांना कळतं.

मंद्र
गाणाऱ्यांच्या बाजूने थोडं. काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी हा 'सा') तानपुरा लावला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. रिसीव्हरवर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० वर असेल (बहुतेकांचा असतोच), तर तिचा मूळ सूर सबकडे जातो आणि वरचे सगळे अंश (त्या सुराच्या पटीतले सूर) मुख्य स्पीकरांकडे. सबची फेज चुकली, म्हणजे त्याच्या लाटा मुख्य स्पीकरांच्या लाटांशी जुळल्या नाहीत, की तानपुरा पोकळ वाटतो, ऐकून पाहा. फेजची कळ ० वरून १८० वर फिरवायची आणि जिथे खर्ज भरतो तिथे सोडायची.

आता गंमत म्हणजे, त्या काळी एकच्या हिशेबाने ५० हर्ट्झचा हम सापडतो तो खर्जाच्याही खाली, धड पंचम नाही, धड तीव्र मध्यमही नाही. म्हणून गाणं लावलं की तो इतका टोचतो. माझ्या मते त्याला 'गुणगुण' म्हणूच नये. गुणगुणतो तो माणूस, आणि सुरात असतो अशी अपेक्षा असते.

बझला मात्र 'झणझण' म्हणा. दिव्याचा डिमर लावला की येतो तो. वरच्या पटींनी भरलेला, दातेरी. तानपुऱ्यात अशाच वरच्या अंशांसाठी आपण घोडीवर जीव घालून जवारी काढतो आणि स्पीकरमधून तसलं काही आलं की तक्रार करतो.

सोल्डरगन
व्वा. पण 'झणझण' नको, लोकांना वाटेल हाताला मुंग्या आल्या. 'करकर'ही नको, ती व्हॉल्यूमच्या कळीमागच्या मळलेल्या पॉटची. 'खरखर' रेडिओची, 'थरथर' खिडकीच्या सैल काचेची, 'फुसफुस' सबच्या पोर्टमधून वारा सुटल्याची. इतके आवाज आहेत आपल्याकडे की कान देऊन ऐकलं तर तक्रारीच्या शब्दावरूनच बिघाड कळतो. गिऱ्हाईक फोनवर तोंडाने आवाज काढून दाखवतं तेव्हा तर मीटरही लागत नाही.

पावणेदोन
इंग्रजांनी तेच केलं की. वूफर म्हणजे भुंकणारा, ट्विटर म्हणजे चिवचिवणारा. आपण 'भुंक्या' आणि 'चिवचिव्या' म्हटलं असतं तर निरुक्तांनी संस्कृतात पाठवलं असतं.

बाकी खरा घोळ 'बास'चा, म्हणजे खालच्या सुरांच्या आवाजाचा. मित्राकडे सेटिंग करायला आलेला माणूस विचारतो, 'बास करू का?' मित्र म्हणतो, 'अहो, आत्ता तर सुरू केलंत!' 'बेस' म्हणावं तर गावाकडचे मामा खूश, 'बेस हाय.'

निरुक्त
बाससाठी 'खर्ज' आहे. मूळ षड्ज. 'ष'चा उच्चार 'ख' झाला आणि खर्ज आला. अस्सल शब्द, गायकांच्या रोजच्या तोंडातला.

मंद्र
खर्ज म्हणजे खालचा सा, किंवा मग खालचं सप्तक. स्फोटाचा दणका खर्जात असतो असं नाही म्हणवत. त्याला सूर कुठाय? होम थिएटरच्या 'पाच पूर्णांक एक' रचनेत पाच मुख्य वाहिन्या असतात आणि एक खास खालच्या आवाजांची; ती 'एक'ची वाहिनी १२० हर्ट्झपर्यंत जाते. तिच्यात सुरापेक्षा गडगडाटच जास्त.

कानोसा
मंडळी, तक्त्यातला रकाना जेमतेम तीन शब्दांचा आहे. 'विजेची घरघर' लिहू का?

आगंतुक
घरघर लागली म्हणजे रिसीव्हर शेवटचे आचके देतोय असं वाटेल. पण तुमच्या पुस्तिकेत लाउडस्पीकरला काय लिहिलंय?

कानोसा
ध्वनिक्षेपक. ते आधीपासून ठरलेलं होतं.

आगंतुक
झालं! वर्तमानपत्रांत 'ध्वनिक्षेपक हाती घेऊन भाषण केलं' असं वाचलंय मी, म्हणजे माइक. आणि 'ध्वनिक्षेपक लावायला बंदी' असंही, म्हणजे भोंगा. रिसीव्हरसोबत खोलीचं मोजमाप घ्यायला छोटा माइक येतो ना? तो कानाच्या उंचीवर ठेवायचा असतो. तुमचा वाचक सगळे स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवेल, सबसकट.

निरुक्त
माइकला 'ध्वनिग्राहक' म्हटलं की प्रश्न मिटला.

सोल्डरगन
ग्राहक म्हटलं की मला बिल आठवतं. आणि 'ध्वनिवर्धक'चं काय करता? अर्धे लोक त्याला भोंगा समजतात, अर्थाने तो ॲम्प्लिफायर.

मंद्र
'कर्णा' का नाही वापरत कोणी?

सोल्डरगन
कारण कर्णा म्हणजे हॉर्न. खराखुरा हॉर्न बसवलेले स्पीकर मिळतात, त्यांनाच तो शोभतो. डोमच्या ट्विटरला कर्णा म्हणणं चुकीचं.

पावणेदोन
तपासनिसांना आणखी एक विचारा. एचडीएमआय 'तो', 'ती' की 'ते'? आमच्याकडे केबल असेल तर ती, पोर्ट असेल तर तो, आणि आवाज आलाच नाही तर ते!

निरुक्त
संक्षेपाचं लिंग मूळ नामावरून ठरतं. मूळ नाम इंटरफेस, म्हणून तो.

आगंतुक
इंटरफेस 'तो' हे कोणी ठरवलं? आमच्या ऑफिसात सगळे 'ते इंटरफेस' म्हणतात.