वकिलीची सनद देण्यापूर्वी गुन्ह्यांची पडताळणी असावी का?

अजिंक्यतारा (सातारा):
बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये विधी महाविद्यालयांना परिपत्रक पाठवले. विद्यार्थ्याने आपल्यावर दाखल झालेला गुन्हा, चालू खटला, झालेली शिक्षा, इतकेच काय, निर्दोष सुटका झाली असेल तर तीही, अंतिम गुणपत्रिका आणि पदवी मिळण्यापूर्वी जाहीर करायची आहे. मला हे योग्यच वाटते. रिक्षाच्या बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. मग ज्याच्याकडे पक्षकार सातबारा, खरेदीखत आणि कोऱ्या वकीलपत्रावरची सही विश्वासाने सोपवतो, त्याला काही विचारायचेच नाही का? माझ्या मते खटला निकाली निघेपर्यंत सनदच थांबवावी.

कृष्णाकाठ (वाळवा):
शेवटचे वाक्य आपण मागे घ्यावे. आमच्याकडे ऊसदरासाठी रास्ता रोको झाला की जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली पंचवीस-तीस नावे लिहिली जातात; त्यांत ट्रॅक्टर आडवा लावणारा असतो, तसा टपरीवर चहा प्यायला थांबलेलाही असतो. माझ्या पुतण्याचे नाव असेच एका यादीत आले. पंच हजर राहत नाहीत, तारखा पडत राहतात, आणि तो एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचला आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम २४-अ नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद नाकारते, आणि ती बंदीही सुटकेनंतर दोन वर्षांनी उठते. शिक्षा भोगून आलेल्याला दोन वर्षांनी दार उघडे आणि ज्याच्यावर काहीच सिद्ध झाले नाही तो तारखा संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर, हे कसे?

माणदेश (आटपाडी):
पडताळणी हवीच, पण दाखला अर्जदाराच्या हाती देऊ नये. दिल्लीत डिसेंबर २०१४ मध्ये प्रवासी तरुणीवर बलात्कार करणाऱ्या टॅक्सीचालकाकडेही चारित्र्याचा दाखला होता; तो बनावट निघाला.

फलटणकर:
निर्दोष सुटका का लिहायची, हे कुणी सांगेल का? पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर येते. तिथल्या मुलाची न्यायालयाने सुटका केल्यावरही तीच गोष्ट पुन्हा कागदावर उतरवून घेणे मला अपमानास्पद वाटते.

अजिंक्यतारा:
फलटणकरांचा मुद्दा मान्य. सुटकेचा रकाना गाळावा. सरसकट सनद थांबवण्याचे वाक्यही मागे घेतो, पण चालू खटला जाहीर करण्याची अट सोडत नाही. अवतार सिंग खटल्यात (२०१६, विषय नोकरीचा होता, तरी तत्त्व उपयोगी आहे) सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब दडवली तरी ती माफ करण्याची मुभा ठेवली आहे. तेव्हा कृष्णाकाठ, पुतण्याने कलम १३५ निःसंकोच लिहावे. बनावट खरेदीखताच्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झालेला अर्जदार आला, तर त्याला मात्र परिषदेने (बार कौन्सिलने) समोर बोलावून विचारलेच पाहिजे.

कृष्णाकाठ:
तो लिहील. परंतु परिषदेचा निर्णय येईपर्यंत पदवी अडणार असेल, तर त्या निर्णयालाही दिवस ठरवून द्या. निकालानंतर त्याला सांगलीत एका ज्येष्ठ वकिलांकडे रुजू व्हायचे आहे, आणि ते फार दिवस जागा राखून ठेवणार नाहीत.