म्हापशात जड पाणी: सॉफ्टनर घ्यावा की सोसायटीशी भांडावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी माहेरची फोंड्याची. गेल्या चतुर्थीनंतर आम्ही म्हापशात फ्लॅट घेऊन राहायला आलो. शिमग्यापर्यंत पाण्याचं काही जाणवलं नाही. मग एकदा शुक्रवारच्या बाजारातून आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) आणले, रात्रभर भिजवले, कुकरला सहा शिट्ट्या दिल्या, तरी तोंडात कचकच. पुढच्या शुक्रवारी विकणाऱ्या बाईला जाऊन चार शब्द सुनावले. ती शांतपणे म्हणाली, "बाय, म्हज्या घरा हेच शिजतात." उरलेले मी आईकडे फोंड्याला नेले. तीन शिट्ट्यांत लोणी! (त्या बाईकडून आता दर वेळी अर्धा किलो जास्त घेते. दुसरं काय करणार?)

मग एकेक लक्षात यायला लागलं. नळाच्या तोंडाशी पांढरी खरबरीत पुटं. स्टीलची ताटं वाळली की ठिपके. डोक्याला शांपू घासत बसा, फेस नाही, आणि धुतल्यावर केस काथ्यासारखे. गीझर तापताना आतून खडखड आवाज करायला लागला म्हणून माणूस बोलावला. त्याने कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर जाड थर, पिवळट पांढरा, शिंपल्या जाळून चुना करतात तसा. स्क्रूड्रायव्हरने ठोकला तर खापऱ्या पडल्या. गीझर दीड वर्षाचासुद्धा नाही.

गोंधळ असा की गोव्यात जड पाणी मी कधी बघितलंच नव्हतं. शाळेत 'दुष्फेन पाणी' पाठ केलं होतं ते मार्कांपुरतं. फोंड्याला ओपाचं नळाचं पाणी, आणि घरची बांय (विहीर). बांयच्या पाण्याने साबण अंगावरून लवकर निघायचा नाही, हीच तक्रार. इथे म्हापशाला अस्नोड्याहून पाणी येतं, तेही नदी-कालव्याचंच. मग हे मधेच कुठून आलं?

सेक्रेटरींना विचारलं तेव्हा कळलं की उन्हाळ्यात लाइनला दाब नसतो, म्हणून सोसायटीची बोअर लाइनच्याच संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) सोडतात. किती सोडतात ते पंप चालवणाऱ्यालाच ठाऊक.

मधल्या काळात एका कंपनीचा विक्रेता येऊन गेला. त्याने दोन ग्लासांत तारा बुडवल्या, आमच्या पाण्याचा चिखल झाला आणि त्याच्या पाण्याचं काही झालं नाही. सासूबाई घाबरल्या. पूर्ण घराचा सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) घ्या म्हणतो. किंमत ऐकून नवऱ्याने पंखा वाढवला.

तर प्रश्न असे: सॉफ्टनरने खरंच फरक पडतो का? ते पाणी प्यायला चालतं का? सासूबाईंना बीपी आहे. आणि तोपर्यंत नळ-भांडी कशाने साफ करू?

प्रतिसाद: लाल_चिरा

ताई, तारांचा खेळ विसरा. त्या तारांना लोखंडाची पट्टी असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड गंजून विरघळतं आणि तोच तुमचा चिखल. त्याच्या ग्लासातल्या आरओच्या (क्षार गाळून काढलेल्या) पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. चांगल्या विहिरीच्या पाण्याचाही चिखल होईल.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्या जांभ्यातला चुना पावसाने कधीच धुऊन नेलाय, म्हणून इथलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ, थोडं आम्लधर्मी, आणि तक्रार असलीच तर लोखंडाच्या पिवळ्या डागांची. पण म्हापशाची नदी भरती-ओहोटीची, आजूबाजूला खाजनं (खाडीकाठची सखल खारी शेतं). अशा ठिकाणी बोअर उन्हाळ्यात सतत उपसली की खारं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. समुद्राच्या पाण्याची कठीणता (म्हणजे जडपणा) लिटरला ६००० मिलिग्रॅमच्या वर असते. शंभर लिटरमध्ये तीन लिटर शिरलं तरी जवळजवळ २०० ची भर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० ही चांगली मर्यादा धरलीय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

म्हणून तीन बाटल्या भरा: लाइनचं संपमध्ये पडण्याआधीचं, बोअरचं, आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं. प्रयोगशाळेत एकूण कठीणता आणि क्लोराइड दोन्ही तपासायला सांगा. टीडीएस मीटरवर (विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या) विसंबू नका, तो कॅल्शियम आणि मीठ यांत फरक करत नाही. क्लोराइड जास्त निघालं तर सॉफ्टनर घेऊन पाणी खारटच राहणार. सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम ठेवून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. सासूबाईंना बीपी आहे, तेव्हा पिण्याचा नळ त्यातून वेगळा ठेवा.

प्रतिसाद: आगोळ

नळांसाठी विकतचं काही नको. सोलकढी केल्यावर उरलेली आमसुलं फेकू नका, नळाच्या तोंडाला गुंडाळून वर पिशवी बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, पुटं सुटतात. गीझरचं तापमान ५० अंशांवर आणा, जास्त तापलं की थर जास्त बसतो. आमसूल, व्हिनेगर संगमरवरावर मात्र सांडू देऊ नका, चकाकी जाते. आणि बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, विषारी वायू निघतो.

आळसांद्यांचं म्हणाल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याची साल आवळून धरतं. नाहीतर भिजवायला आणि शिजवायला सरळ प्यायचं पाणी घ्या.

प्रतिसाद: धागाकर्ती

दोघांचेही आभार. आमसुलाचा उपाय आज रात्रीच करते, सोलकढी आहेच.

लाल_चिरा भाऊ, रिपोर्ट यायला वेळ आहे, पण दम धरवला नाही. तीन सारख्या बाटल्यांत अर्धं अर्धं पाणी घेतलं, प्रत्येकात साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून मुलीला हलवायला दिल्या. लाइनच्या बाटलीत बुचापर्यंत फेस. बोअरच्या बाटलीत फेस नाहीच, वर दह्यासारखी साय. स्वयंपाकघरातली बाटली बोअरच्या बाजूला बरीच झुकलेली. म्हणजे 'थोडी बोअर सोडतो' हे काही खरं नाही.

बाटल्या तशाच दिवाणखान्यात ठेवल्यात. रविवारी सोसायटीची सभा आहे, तिन्ही घेऊन जाणार. बोअर बागेला आणि फ्लशला, लाइनचं पाणी वेगळ्या टाकीत, असं मागायचा विचार आहे. कुणाच्या इमारतीत अशी दुहेरी पाइप नंतर टाकून घेतली असेल तर खर्च कसा वाटून घेतलात ते कृपया लिहा. वरच्या मजल्यावरचे काका आत्ताच म्हणतायत, "आमचे आळसांदे शिजतात."