शनिवारच्या जेवणाचा हिशेब

नाना (ए-१०२): सुप्रभात. शनिवारी सोसायटीतले आपण अकरा जण हॉटेलात जेवलो, त्याचे माणशी १००८ रुपये खजिनदारांना पाठवले आहेत. पाठवले म्हणजे पटले, असा अर्थ कोणी काढू नये.

सेक्रेटरी: नमस्कार नाना. काय झालं?

नाना: मी दोन अळूवड्या, अर्धं घावन आणि मोदकाचा एक तुकडा खाल्ला. मग घरी येऊन दहीभात खाल्ला. बाकी हिशेब तुम्ही लावा.

काकू (ए-२०४): बिलाचा फोटो टाका.

वहिनी (बी-३०४): नाना, तिथे छोट्या प्लेट्स असतात आणि सगळ्यांनी वाटून खायचं असतं, हे मी आधीच टाकलं होतं. तुम्ही अंगठा दिलात.

नाना: वाचलं म्हणून अंगठा दिला. वाचलेलं सगळं मान्य असतं तर मी रंगकामाच्या कोटेशनलाही गप्प बसलो असतो.

खजिनदार: रंगकाम इथे आणू नका. तो हिशेब वार्षिक सभेत येईल.

बी-१०१: कुठल्या वर्षीच्या?

भाऊ (बी-२०१): श्रावण लागायच्या आत एकदा बसूया म्हणान गेलंव. बांगड्याची प्लेट इली. तुकडे तीन, माणसा अकरा. वर एक फूल. इतक्यान आमचा मांजर पण उठूचा नाय.

ए-३०१: फूल मी खाल्लं. वाईट नव्हतं.

काकू: बिलाचा फोटो टाका.

वहिनी: तिरफळाचा वास तरी मान्य करा भाऊ. तुम्हीच म्हणालात, आईच्या हातचं आठवलं.

भाऊ: आठावला. पोटात गेला नाय.

ए-४०३: मी हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो, राग नको. अशा ठिकाणी प्लेट तिघाचौघांच्या टेबलाच्या अंदाजाने काढतात. अकरा जणांत एकेक प्लेट म्हणजे कुरबुर होणारच. ऑर्डर देतानाच विचारायचं, पीस किती? तीन असतील तर तीच प्लेट दोन-तीनदा सांगायची. कुठे कुठे पीस वाढवूनही देतात, त्याचे पैसे लागतात. आणि एका दमात सगळं सांगायचं नाही. आधी थंड-आंबट, मग तळलेलं, ते संपत आलं की रस्सा आणि भाकरी. आपण वेटर उभा असतानाच पानभर वाचून दाखवलं. तिथे जे तयार होतं ते बाहेर येतं, म्हणून कोळंबी आधी आली आणि कोशिंबीर मोदकाबरोबर.

नाना: म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा.

ए-४०३: तसं नाही म्हणालो काका.

नाना: अकरा माणसं बघून वेटरने सांगायला नको? पानावर एकदम सगळं वाढलं की कळतं तरी, काय आहे आणि किती आहे.

बी-१०१: ही पद्धत आणली कुठून पण?

ए-४०३: स्पेनमध्ये दारूबरोबर छोट्या बशीतून खायला देतात, तापास म्हणतात. तिकडे बरेच जण एका ठिकाणी एक-दोन बशा खातात आणि उठून पुढच्या ठिकाणी जातात. एकाच टेबलावर पोट भरायचं असं नसतं.

भाऊ: म्हणजे चखणो! १००८ रुपयांचो चखणो, आणि सोबत सोलकढी. ती पण औषधाच्या टोपणात.

वहिनी: लहान ग्लास होता तो. टोपण काय.

ए-३०१: पण मजा आली की नाही? एरवी थाळी घेतली की पहिल्या घासापासून आपण आपल्याच ताटात. शनिवारी प्रत्येक प्लेट आली की सगळे वाकून बघत होते. तिसऱ्यांचं एकच शिंपलं मी आणि काकूंनी वाटून खाल्लं.

काकू: तिसऱ्या चांगल्या होत्या. बिलाचा फोटो टाका.

बी-१०१: मेनूवर 'आजची ताजी सुरमई' होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. मिरकरवाडा बंदरात सगळ्या नांगरून पडल्यात. ही सुरमई चालत आली का?

ए-४०३: फ्रीजरमधून आली असणार. त्यात वावगं काही नाही, पण ताजी लिहू नये. या दिवसांत खाडीचं काय आहे ते विचारायचं.

सेक्रेटरी: विषय हिशेबाचा आहे.

बी-१०१: टाकी अर्धा तास वाहतेय, त्याचा विषय कोणाचा आहे? बी विंगवाले सुरमईवर चर्चा करतायत.

भाऊ: मोटर ए विंगच्या वॉचमनन चालू केलेली.

बी-१०१: वॉचमन एकच आहे भाऊ. आणि मी बी विंगचाच.

खजिनदार: बिल लिहितो, फोटो अंधुक आलाय. जेवण ९६००. सर्व्हिस चार्ज १० टक्के ९६०. त्यावर जीएसटी ५ टक्के ५२८. एकूण ११,०८८. भागिले अकरा. एक पैसा इकडे-तिकडे नाही.

काकू: फोटो.

ए-३०१: एक मिनिट. सर्व्हिस चार्ज का दिला? तो ऐच्छिक असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या, हॉटेलने तो परस्पर बिलात घालायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. काढा म्हटलं की काढावा लागतो. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर फोन.

बी-१०१: ९६० आणि त्यावरचा जीएसटी ४८. बरोबर १००८. म्हणजे एका माणसाचं जेवण त्यात गेलं.

नाना: माझं गेलं.

वहिनी: अहो, तो वेटर पावस गावचा पोरगा होता. पावसात भिजत बाहेरच्या टेबलांवरचं उचलत होता. त्याच्यासमोर ९६० रुपयांवरून वाद घालू? मला लाज वाटली.

ए-४०३: वहिनी, ते पैसे त्याच्यापर्यंत पोचतातच असं नाही. मुलगा आवडला तर शंभर-दोनशे त्याच्या हातात द्यायचे.

वहिनी: तेही दिले. माझ्या पर्समधून. कोणाकडे मागितले नाहीत.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

वहिनी: नाना, मी वाचलं ते.

नाना: मग उत्तर द्या.

वहिनी: देते. आरक्षण मी केलं, पोरांना आणायला गाडी आमच्या ह्यांनी काढली, आणि तुमच्यासाठी लसणाशिवायचं करून द्या हे आत जाऊन मी सांगितलं. आपण मोठे आहात म्हणून एवढंच बोलते.

सेक्रेटरी: कृपया सगळ्यांनी शांत राहावे.

नाना: लसणाचं मला माहीत नव्हतं. तरीपण माझा मुद्दा तुमच्यावर नाही. शाकाहारी माणसाने सुरमईचा भाग का भरायचा, एवढाच आहे.

भाऊ: नानांचा बरोबर आसा. सुरमयेचे दोन तुकडे मी खाल्लंय, माझ्याकडसून घ्या.

ए-३०१: तीन.

भाऊ: तू फुला मोज.

खजिनदार: पुढच्या वेळी शाकाहारी टेबल वेगळं, बिल वेगळं. या वेळी नानांचं ५०० धरतो. उरलेले ५०८ दहा जणांत, माणशी ५१ वाढतील.

बी-१०१: मला मान्य. मोटर मी बंद केली, कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

वहिनी: आत्ता मॅनेजरशी बोलले. सर्व्हिस चार्ज पुढच्या बिलात वळता करतो म्हणाला.

नाना: म्हणजे १००८ परत मिळवायला पुन्हा जेवायला जायचं.

ए-४०३: चार-चारची टेबलं करून जाऊ. ऑगस्टपासून बोटी सुटतात, मासळीही ताजी मिळेल.

काकू: श्रावणात आमच्याकडे कोणी खात नाही.

वहिनी: मग गणपतीनंतर. नावं द्या.

खजिनदार: नावं नकोत. पैसे आधी द्या.