एकात एक लिस्ट, जावा स्ट्रीमनं शोधायचं कसं? सल्ला पाहिजे

पराटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)
गावातल्या शेतकरी गटासाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहितोय. शेतकऱ्यांची लिस्ट, प्रत्येकाच्या आत शेतांची लिस्ट, शेताच्या आत कामगंध सापळ्याच्या (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) रोजच्या नोंदी. सलग 3 दिवस सापळ्यामागे गुलाबी बोंडअळीचे 8 किंवा जास्त पतंग आले, की त्या शेतकऱ्याला फवारणीचा निरोप द्यायचा. सध्या एकात एक तीन फॉर लूप (लिस्ट एकेक करून पाहणारे फेरे) आहेत, वाचताना जीव जातो. त्याऐवजी स्ट्रीम, म्हणजे लिस्टमधल्या वस्तू रांगेनं पुढं सरकवायची जावाची सोय, घेऊन त्यावर फ्लॅटमॅप लावू का?

आर्वीकर
भाऊ, आधी हे ठरवा की शेवटी हातात शेतकरी पाहिजे की शेत. फ्लॅटमॅप सगळी शेतं एका रांगेत आणतो, पण शेत कोणाचं ते मागेच राहतं. निरोप माणसाला जाणार, म्हणून शेतकऱ्यांच्या स्ट्रीमवर फिल्टर लावा आणि त्या फिल्टरच्या आत शेतांच्या स्ट्रीमवर एनीमॅच (एक तरी जुळतं का, हे पाहणारा). एक शेत जुळलं की एनीमॅच पुढची शेतं पाहतच नाही. उद्या नुसती शेतांची यादी लागली तर फ्लॅटमॅप घ्या.
शेतांची लिस्ट नल (म्हणजे लिस्टच नाही अशी) ठेवू नका, कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे शेतकरी तयार होतानाच, रिकामी लिस्ट द्या. नाहीतर ज्याची शेतं भरायची राहिली त्याच्यापाशी नल पॉइंटर एक्सेप्शन ही चूक येऊन सगळ्यांचाच शोध थांबेल.

पराटीवाला
हे जमलं जी. पण "सलग 3 दिवस" कसं पाहू? स्ट्रीममध्ये शेजारची नोंद दिसतच नाही.

मेळघाटी
नोंदी तारखेनं लावून घ्या. मग इंटस्ट्रीमचं (आकड्यांच्या स्ट्रीमचं) रेंजक्लोज्ड, 0 पासून साइझ (एकूण नोंदी) वजा 3 पर्यंत, आणि त्यावर एनीमॅच: आय हा नोंदीचा क्रमांक धरून आय, आय अधिक 1, आय अधिक 2 या तिन्ही नोंदी 8 किंवा वर आहेत का. नोंदी तीनपेक्षा कमी असल्या तर रेंज रिकामी राहते, उत्तर फॉल्स. तारखाही तपासा, पावसात एखाद्या दिवशी सापळा पाहायचा राहतो, तेव्हा लागोपाठच्या नोंदी म्हणजे लागोपाठचे दिवस नाहीत.
सगळ्या नोंदींवर ऑलमॅच (सगळ्याच जुळतात का, हे पाहणारा) मात्र लावू नका. रिकाम्या लिस्टवर तो ट्रू देतो. म्हणजे ज्यानं एकही नोंद केली नाही त्यालाच फवारणीचा निरोप, अन् औषधाचा खर्च फुकट.

पराटीवाला
शेवटी स्ट्रीमची परत लिस्ट करायला टूलिस्ट लावलं, ते चालेना, गटाच्या कॉम्प्युटरवर जावा 8 आहे.

आर्वीकर
स्ट्रीमवरचं टूलिस्ट जावा 16 पासून आलं. तुम्ही कलेक्ट आणि कलेक्टर्सचं टूलिस्ट वापरा, बाकी सगळं 8 वर चालतं.