साष्टी की सासष्टी? आणि कुठली?

प्रश्न, मडगावहून
काल लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. '१७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली' असं वाक्य आलं. ती म्हणाली, "पप्पा, म्हणजे आपलं मडगाव?" मी बेधडक 'हो' म्हणून मोकळा झालो. रात्री शंका आली, १७३७ साली मडगावात मराठे? आमच्या तालुक्याला वर्तमानपत्रं 'सासष्टी' लिहितात, घरी आम्ही 'साष्टी'च म्हणतो. हे शब्द दोन की एक?

फोंड्याहून
शब्द एक, जागा दोन. ती साष्टी ठाण्याची, चिमाजी आप्पांच्या मोहिमेतली. आधी ठाणं पडलं, मग १७३९ मध्ये वसई. मूळ 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावं. त्याचं सासष्टी झालं, मधला 'स' गळाला की साष्टी. दोन्ही मुलूख पोर्तुगीजांकडे, आणि तेही दोन्हींना जवळपास एकच नाव लिहायचे. तेव्हा गोंधळ जुनाच आहे.

पण बाब, तुम्ही अगदीच चुकला नाहीत. वसईची मोहीम चालू असतानाच, १७३९ च्या आरंभी, इचलकरंजीकर व्यंकटराव घोरपडे आपल्या साष्टीत शिरले आणि मडगाव घेतलं. म्हणून जुन्या कागदात नुसतं 'साष्टी' दिसलं तर शेजारी कुठलं गाव आहे ते बघावं : वांद्रे, वेसावे, की राशोल, मडगाव.

पेडण्याहून
आकड्यांची नावं गोव्यात आणखी आहेत. तिसवाडी तीस गावांची, सत्तरी सत्तर गावांची. बार्देश म्हणजे 'बारा देश' असं सांगतात, पण ते बारा कुठले हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. ही पद्धत पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत 'कोंकण ९००' आणि 'पलसिगे १२,०००' असे प्रांत येतात. पलसिगे म्हणजे हलशी. आता बारा हजार गावं मोजायला कोण बसलं होतं म्हणा! हा आकडा प्रांताच्या नावाचाच भाग, खानेसुमारी नव्हे. आमचं पेडणं मात्र बिनआकड्याचं.

मडगावहून
मग तीस अधिक सासष्ट म्हणजे शहाण्णव. त्यावरून 'शेणवी' म्हणजे 'षण्णवती', असं आमचे आजोबा छातीठोकपणे सांगायचे. ते?

फोंड्याहून
बेरीज जुळते, पण तेवढ्याने व्युत्पत्ती जुळत नाही. कन्नड मुलखात गावच्या हिशेबनिसाला 'सेनबोव' म्हणत. तोही शब्द दावेदार आहे, आणि माझं मत तिकडेच झुकतं. आजोबांचा राग नसावा.

आणखी एक. आजच्या तालुक्यांच्या सीमा डोक्यात धरून जुनं काही वाचू नका. मंगेशाचं मूळ ठिकाण कुठ्ठाळी, शांतादुर्गेचं केळशी. जुन्या कागदांत दोन्ही गावं साष्टीत, आज मुरगाव तालुक्यात. आणि ते देव नदीपलीकडे आमच्या अंत्रुजातच का आले, तर १५४३ मध्ये साष्टी आणि बार्देश पोर्तुगीजांकडे गेले तेव्हा फोंडा आदिलशाहीतच राहिला होता. अंत्रुज हे फोंड्याचंच जुनं नाव. आम्ही पोर्तुगीजांच्या हाती लागलो ते सौंदेकरांचं राज्य हैदरअलीने बुडवलं तेव्हा, १७६३ मध्ये. म्हणून तुम्ही 'जुनी काबिजाद' आणि आम्ही 'नवी काबिजाद'. शब्द आपल्या 'काबीज'वरूनच.

पेडण्याहून
नवेपणात आम्ही तुमच्याही पुढे. पेडणं १७८८ चं, सावंतवाडीकर भोसल्यांकडून गेलेलं.

मडगावहून
लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणते, मग पुस्तकात 'ठाण्याची' एवढा एक शब्द घालायला काय झालं होतं?